दुरुस्तीचे मोल

नव्या निर्मितीचा गौरव होतो. दुरुस्ती करणारा मात्र उपेक्षितच राहतो. इंदापूरचा इतिहास वेगळी साक्ष देतो. १८२० च्या दशकाअखेर प्रिंगल यांनी केलेली जमीनपाहणी सदोष ठरली. भारी आकारणीने इंदापूरच्या रयतेतील अनेकांनी जमिनी टाकल्या. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथेच फेरपाहणी केली, आणि ती दुरुस्तीच पुढे मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा नमुना ठरली.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला फेरफार नोंदवही परिचित आहे. बदल कोणता, केव्हा, कशामुळे झाला, हे तीत राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्मिलेली ‘गिट’ ही संगणकीय आज्ञावलींची अशीच फेरफार नोंदवही होय. तेच कार्य इतर आज्ञावलींना उपलब्ध करून देणारा ‘लिबगिट२’ हा संच सर्वांना खुला आहे. त्यात एक दोष राहिला, तर त्यावर विसंबलेल्या साऱ्यांनाच तो बाधतो. म्हणून कोणीही दोष दाखवावा, दुरुस्ती सुचवावी. जाणत्यांनी ती तपासून स्वीकारावी, अशी तेथील रीत आहे.

मग बारामतीच्या संगणक विद्यार्थ्याने असा एखादा दोष सप्रमाण शोधून निवारला, तर त्याला नव्या प्रकल्पाइतकेच गुण का मिळू नयेत? निर्मितीला आरंभ हवा. टिकण्यासाठी मात्र राखणदारच हवा.