जिभेखालचा फवारा आणि पाच मिनिटांचं घड्याळ

चिटगुप्प्यात रात्री कुणाच्या छातीत कळ आली, की घरातलं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "गॅस धरला असेल." मग ओवा चावायला दिला जातो, सोडा पाजला जातो, पाठीला तेल चोळलं जातं. दुसरं वाक्य तास-दोन तासांनी येतं : "बीदरला न्यायचं, की कलबुर्गीला?" या दोन वाक्यांच्या मधे जो वेळ जातो, त्यात हृदयाचा किती स्नायू वाचणार आणि किती कायमचा मरणार, हे ठरून जातं.

चिटगुप्पा हे कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातलं गाव. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते हुमनाबाद तालुक्यात होतं. आता ते स्वतः तालुक्याचं ठिकाण आहे. हुमनाबाद जवळ, बीदर सुमारे पन्नास किलोमीटर, कलबुर्गी साठ-सत्तर, आणि निजामाच्या राज्यापासून या भागाची पावलं ज्या शहराकडे वळतात ते हैदराबाद दीडशेच्या आसपास. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी बोलणाऱ्या इथल्या माणसाला हृदयाचा विकार जडला, की कुठल्याही भाषेत एकच गोष्ट वाट्याला येते : मोठ्या डॉक्टरांची वाट पाहणं.

हे वाट पाहणं दोन तऱ्हांचं असतं. चढ चढताना, ओझं उचलताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, अशी तक्रार घेऊन माणूस गावातल्या डॉक्टरांकडे जातो. ते ईसीजीची पट्टी काढतात, गोळ्या लिहून देतात, हृदयरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतात आणि तोवर जवळ बाळगायला नायट्रोग्लिसरिनचा फवारा देतात. ही पहिली वाट, दिवसांची किंवा आठवड्यांची. दुसरी वाट मिनिटांची : कळ थांबत नाही, घाम फुटलाय आणि १०८ची अ‍ॅम्ब्युलन्स अजून यायची आहे. दोन्ही वेळी खिशात तीच बाटली असते. पहिली वाट संपून दुसरी सुरू झाली, हे ज्या घराला वेळेवर कळतं त्या घरातला माणूस वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. फवारा नीट वापरला तर हे ओळखायला तोच मदत करतो.

सुरुंगाच्या दारूतून आलेलं औषध

नायट्रोग्लिसरिन पहिल्यांदा तयार केलं इटलीतल्या तुरीन शहरात अस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने, १८४७ साली. त्याने ते जिभेवर ठेवून पाहिलं आणि त्याचं डोकं जबरदस्त ठणकलं. पुढे आल्फ्रेड नोबेलने हा भयंकर स्फोटक द्रव ताब्यात ठेवण्याची युक्ती शोधली आणि १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. त्याआधी, १८६४ साली, स्टॉकहोमजवळच्या कारखान्यातल्या स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला होता.

डोकं का ठणकतं, या प्रश्नातूनच औषध सापडलं. रक्तवाहिन्या सैलावतात म्हणून ते ठणकतं. मग हृदयाच्या दुखण्यावर हाच गुण कामी येईल का? लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी द्रावणाने ओलं झालेलं बूच स्वतःच्या जिभेला लावलं आणि ते विसरून रुग्ण तपासायला घेतला. काही क्षणांतच त्यांचं डोकं आणि नाडी ठोके देऊ लागली. पुढे त्यांनी अगदी सौम्य द्रावण रुग्णांवर वापरलं आणि १८७९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्याच्या अखेरीस खुद्द नोबेलला हृदयविकार झाला, तेव्हा डॉक्टरांनी त्यालाही हेच औषध सांगितलं. लोक घाबरू नयेत म्हणून औषधाला 'ट्रायनायट्रिन' हे नाव दिलं गेलं होतं. आज फवाऱ्यात ते इतकं विरळ असतं की त्यातल्या नायट्रोग्लिसरिनचा स्फोट होण्याची भीती नाही. मात्र अनेक फवाऱ्यांतली बाकीची द्रव्यं ज्वालाग्राही असतात, म्हणून चुलीपाशी, देवघरातल्या दिव्यापाशी किंवा विडी ओढणाऱ्याजवळ तो मारू नये.

औषध शंभर वर्षं वापरात होतं, तरी ते शरीरात काय करतं याचं कोडं सुटलं नव्हतं. ते उलगडत गेलं तेव्हा कळलं, की त्यातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि रक्तवाहिनीच्या स्नायूला 'सैल हो' असा निरोप देतो. या वायूच्या कामाचा शोध लावणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना १९९८ साली वैद्यकाचं पारितोषिक मिळालं. ते नोबेलच्याच नावाचं होतं.

फवारा नेमकं काय करतो

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचला, की विश्रांतीत रक्त पुरतं, पण श्रमात कमी पडतं. स्नायूला प्राणवायू पुरत नाही आणि छाती आवळल्यासारखी होते. फवारा मारला की मुख्यतः शरीरभरच्या शिरा सैल होतात, त्यांत रक्त थोडं थबकतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि पंपावरचा भार उतरतो. भार उतरला की मागणी घटते आणि कळ थांबते. एक ते तीन मिनिटांत गुण दिसू लागतो आणि अर्धा तासभर राहतो.

औषध गिळलं तर यकृत त्यातलं बरंचसं वाटेतच निकामी करतं. जिभेखालच्या बारीक शिरांतून मात्र ते थेट रक्तात जातं. म्हणूनच गिळायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या ऐन कळेत कामाच्या नाहीत. त्या रोजच्या बंदोबस्ताच्या आहेत. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली सॉर्बिट्रेट ही याच घराण्यातली गोळी. ती जिभेखाली चालते, पण तोंड कोरडं असलेल्या म्हाताऱ्या माणसाला गोळी विरघळायला वेळ लागतो. तिथे फवारा सोयीचा.

कसा घ्यावा

आधी बसा. उभ्याने घेतलेल्या फवाऱ्याने रक्तदाब एकदम उतरतो, घेरी येते आणि माणूस फरशीवर आपटतो. शेतात असाल तर बांधावर बसा, मोटारसायकलवर असाल तर गाडी बाजूला लावा. तोंडातला तंबाखू, गुटखा, पान थुंकून टाका. बाटली सरळ धरून जिभेखाली किंवा जिभेवर एकदाच दाबा आणि तोंड मिटा. श्वास आत ओढू नका. हा दम्याचा पंप नव्हे. लगेच पाणी पिऊ नका, चूळ भरू नका. बाटली नवी असेल किंवा बरेच दिवस वापरली नसेल, तर आधी हवेत फवारून पंप चालतो ना ते पाहून ठेवावं लागतं. ते निवांत वेळी करा, कळ आल्यावर नव्हे.

आणि घड्याळ पाहा. एका दाबात सहसा ०.४ मिलिग्रॅम औषध असतं. पाच मिनिटांत कळ पूर्ण गेली, तर थोडा वेळ बसून राहा आणि डॉक्टरांना कळवा. पाच मिनिटांनी कळ तशीच असेल किंवा वाढली असेल, तर १०८ लावा. तिथे पहिली वाट संपली आणि दुसरी सुरू झाली. गाडी येईपर्यंत दुसरा फवारा, पुन्हा पाच मिनिटांनी तिसरा. पंधरा मिनिटांत तीनहून जास्त नाही. डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळं सांगितलं असेल, तर तेच पाळा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, रक्तस्रावाचा आजार नसेल आणि डॉक्टर किंवा १०८वरची व्यक्ती सांगेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची अ‍ॅस्पिरिन चावून खायची असते. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही आणि त्याला दोघांच्या मधे बसवून मोटारसायकलवरून न्यायचं नाही.

डोकं दुखणं, चेहरा तापणं, थोडी घेरी येणं हे औषधाचे नेहमीचे परिणाम आहेत. डोकं दुखतं म्हणून फवारा टाकून देऊ नका.

कुणी घेऊ नये

ही गोष्ट घरात बोलली जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. लैंगिक ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलच्या गोळीनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रोग्लिसरिन किंवा सॉर्बिट्रेट अजिबात घ्यायचं नाही. दोन्ही औषधं एकत्र आली की रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ताकदीच्या पुड्यांतही सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे. लाजेपोटी ही माहिती डॉक्टरांपासून लपवणं प्राणघातक ठरू शकतं. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या माणसाने विचारलं, तर घरच्यांना बाजूला पाठवा आणि खरं सांगा.

रक्तदाब आधीच फार खाली असेल, हृदयाची महाधमनीकडची झडप फार अरुंद झाली असेल किंवा झटका हृदयाच्या उजव्या कप्प्याला बसला असेल, तरीही हे औषध घातक ठरतं. शेवटची गोष्ट पट्टी काढल्याशिवाय कळतच नाही. म्हणून शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट मागून आणून जिभेखाली सरकवणं थांबवायला हवं. ज्याला डॉक्टरांनी हे औषध दिलेलंच नाही, त्याच्या छातीत पहिल्यांदाच अशी कळ आली, तर पाच मिनिटंही थांबायचं कारण नाही. सरळ १०८.

"आराम पडला, म्हणजे..."

फवाऱ्याने कळ थांबली म्हणजे ती हृदयाचीच होती, नाही थांबली म्हणजे गॅस होता, असं आपल्याकडे पक्कं समजलं जातं. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ४५९ रुग्णांवर ही समजूत तपासली गेली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयधमनीचा विकार ज्यांना खरोखर होता त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांना नायट्रोग्लिसरिनने आराम पडला. ज्यांना नव्हता त्यांच्यापैकी ४१ टक्क्यांना. अन्ननलिकेचे स्नायूही या औषधाने सैलावतात. म्हणजे फवारा निदान करत नाही. ते काम पट्टीचं आणि रक्ततपासणीचं.

कळही नेहमी छातीतच येते असं नाही. जबडा, खांदा, डावा हात, पाठ, पोटाचा वरचा भाग यांतही ती उठते. मधुमेह असलेल्यांना आणि बऱ्याच बायकांना नुसता दम लागतो, घाम येतो, मळमळतं, हातपाय गळून जातात. घरातली बाई 'जरा पडते, बरं वाटेल' म्हणते आणि तिच्या वेळेकडे कुणी पाहत नाही.

गुठळी फवाऱ्याने विरघळत नाही

हार्ट अटॅकमध्ये धमनीतला थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. फवारा हृदयाचा भार हलका करील, पण ती वाट मोकळी करणार नाही. नायट्रेटच्या औषधांनी जीव वाचतात का, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-४ या ५८ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात पाहिलं गेलं. मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. त्याआधी १९८८ सालच्या आयसिस-२ या अभ्यासात साध्या अ‍ॅस्पिरिनने आणि गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यू प्रत्येकी सुमारे चतुर्थांशाने कमी केले होते, आणि दोन्ही मिळून आणखी जास्त. जीव वाचतो तो वाट मोकळी झाल्याने, आणि ती जितक्या लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो.

म्हणूनच आपल्या भागातला 'थेट हैदराबाद' हा हट्ट महागात पडतो. तासाभराच्या आत पोहोचता येईल असं जवळचं रुग्णालय ओलांडून, पट्टीही न काढता, माणसाला दीडशे किलोमीटर नेलं जातं. धमनी मोकळी करणारी अँजिओप्लास्टी साधारण दोन तासांच्या आत होणं शक्य नसेल, तर आधी जवळच्या ठिकाणी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं आणि मग पुढे पाठवावं, अशी जगभरची रीत आहे. टेनेक्टेप्लेज हे आजचं असं इंजेक्शन वजनानुसार एकाच वेळी शिरेत देता येतं. बाजारात ते कित्येक हजार रुपयांना पडतं.

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी, ४६व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये हृदय ज्योती योजना सुरू केली. तालुका आणि जिल्हा रुग्णालयात पट्टी काढायची, ती जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या केंद्रातल्या तज्ज्ञांना तिथूनच दाखवायची आणि गरज असेल तर हे इंजेक्शन मोफत द्यायचं, अशी तिची रचना आहे. जयदेव संस्थेचं ३७१ खाटांचं नवं रुग्णालय डिसेंबर २०२४ मध्ये कलबुर्गीत सुरू झालं. बीदरमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आपल्या सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात रात्री पट्टी निघते का, हे इंजेक्शन मिळतं का, हे कळ येण्याआधी, बरं असतानाच जाऊन विचारायला हवं.

तारखेची वाट पाहताना

पहिली वाट पाहणाऱ्याने एक छोटी वही ठेवावी. कळ कधी आली, काय करताना आली, किती फवारे लागले, किती मिनिटांत थांबली, एवढंच लिहायचं. तज्ज्ञासमोर दहा मिनिटं मिळतात. तिथे ही वही फार उपयोगी पडते. रोज जिना चढताना कळ येत असेल, तर चढण्याआधी पाच-दहा मिनिटं फवारा घ्यावा का, हेही डॉक्टरांना विचारा.

वहीत एखादी नवी गोष्ट दिसली, तर तारखेची वाट पाहायची नाही. पूर्वी दोन मजले चढून येणारी कळ आता अंगणात येते, बसल्याजागी येते, झोपेतून उठवते, आठवड्यात एकदा येणारी दिवसातून दोनदा येते, एकाऐवजी दोन फवारे लागतात : हे सगळे थर फुटण्याच्या बेतात असल्याचे इशारे आहेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. कळ बसल्याजागी आली आणि थांबत नसेल, तर १०८.

बाटलीवरची मुदत पाहत जा. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीपार जातो. ती गाडीच्या काचेमागे किंवा पत्र्याखाली ठेवू नका. कपाटात कुलूपबंदही नको. कळ आलेल्या माणसाचा हात पोहोचेल आणि सुनेला, नातवाला अंधारातही सापडेल, अशी एक जागा ठरवा.

दिवाळीत पुण्याहून, हैदराबादहून, सोलापूरहून मुलं घरी येतात. फराळाच्या ताटाभोवती सगळे जमले असताना अर्धा तास काढा. बाटली कुठे आहे, फवारा कसा मारायचा, घड्याळ कोण पाहणार, १०८ कोण लावणार, कुठल्या रुग्णालयात जायचं, आधार आणि रेशन कार्ड कुठे आहे, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवा. कलबुर्गीचं अंतर आपल्याला कमी करता येत नाही. "गॅस धरला असेल" आणि "कुठे न्यायचं" यांमधलं अंतर मात्र पाच मिनिटांवर आणणं प्रत्येक घराच्या हातात आहे.