विश्लेषण : अमेरिकेतील ल्युथरन चर्चच्या गोधड्या जगभर का जातात? त्यांचे माप ६० बाय ८० इंचच का?

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा या राज्यांत ल्युथरन पंथाची चर्च गावोगावी आहेत. त्यातल्या अनेक चर्चमध्ये आठवड्यातल्या ठरलेल्या सकाळी शिलाई मशिनी सुरू होतात. जुन्या चादरी, पडदे आणि शिवणकामातून उरलेले कापड कापून गोधड्या शिवल्या जातात. काम करणाऱ्यांत निवृत्त मंडळी आणि विशेषतः महिला अधिक. पगार कोणालाच नाही. अशा गोधड्या २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये पोहोचल्या, सीरियातून जॉर्डनमध्ये आलेल्या निर्वासितांना मिळाल्या आणि २०२२ नंतर युक्रेनमधील विस्थापितांनाही. पण बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळत असताना हाताने शिवलेली गोधडी समुद्रापार पाठवणे परवडते का? आणि ती कोणाच्या उपयोगाची, घेणाऱ्याच्या की देणाऱ्याच्या समाधानाच्या?

ल्युथरन म्हणजे नेमके कोण?

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्युथर यांनी १५१७ मध्ये कॅथलिक चर्चच्या पापमुक्तीपत्रांच्या विक्रीला आव्हान दिले. त्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या पंथाचे अनुयायी म्हणजे ल्युथरन. जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड या देशांत हा पंथ रुजला. १९ व्या शतकात तिथून स्थलांतरित झालेल्या शेतकरी कुटुंबांबरोबर तो अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात पोहोचला. आज जगात ल्युथरनांची संख्या सात कोटींहून अधिक आहे.

त्यांच्या सेवाकार्यामागचा विचार आपल्या ‘पुण्य’ या कल्पनेपेक्षा वेगळा आहे. सत्कृत्ये करून मोक्ष कमावता येत नाही, असे ल्युथर यांचे म्हणणे होते. मग सत्कृत्ये करायचीच कशाला? तर शेजाऱ्याला त्यांची गरज असते म्हणून. दानाने आपल्या खात्यात काही जमा होणार नसेल, तर ते समोरच्याच्या किती कामी आले, एवढाच प्रश्न उरतो. गोधड्यांचे काटेकोर नियम समजून घ्यायचे तर हा मुद्दा लक्षात ठेवावा लागतो.

मदतीला हिशेबाची शिस्त कधी लागली?

या परंपरेचे एक जुने उदाहरण जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातले आहे. लायस्निग या छोट्या गावाने १५२३ मध्ये ‘सामाईक पेटी’ची योजना आखली. तिला ल्युथर यांनी प्रस्तावना लिहिली. चर्चची मिळकत आणि देणग्या एकाच पेटीत ठेवायच्या आणि त्यातून पाद्री, शाळा, अनाथ, वृद्ध व अडलेल्या कुटुंबांचा खर्च भागवायचा, अशी ही योजना होती.

पेटीला चार वेगवेगळी कुलुपे होती. एक किल्ली सरदारांकडे, दुसरी नगर परिषदेकडे, तिसरी गावातील नागरिकांकडे आणि चौथी आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडणारच नाही. कारभारासाठी दहा जणांचे मंडळ आणि वर्षातून तीनदा सर्वांची सभा. आजच्या भाषेत सांगायचे तर ही ‘मल्टि-की’ सुरक्षा आणि सोशल ऑडिटच. प्रत्यक्षात योजना सुरळीत चालली नाही. मालमत्ता ताब्यात देण्यावरून नगर परिषदेशी वाद झाला. पण मदत ही एका दात्याच्या मर्जीवर न ठेवता सर्वांनी मिळून, हिशेब ठेवून करायची असते, हा नमुना इतर गावांपुढे राहिला.

गोधड्या पाठवण्याची सुरुवात कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धाने युरोपातले अनेक ल्युथरन प्रदेश उद्ध्वस्त झाले. त्या काळात जगातल्या दर सहा ल्युथरनांपैकी एक निर्वासित किंवा विस्थापित होता, असे सांगितले जाते. अमेरिकेतील ल्युथरनांनी १९४५ मध्ये ‘ल्युथरन वर्ल्ड रिलीफ’ ही संस्था स्थापन केली. मंडळ्यांनी गोळा केलेले कपडे, अन्न आणि गोधड्या जहाजाने युरोपात जाऊ लागल्या. ही मदत शत्रुराष्ट्र ठरलेल्या जर्मनीतही गेली.

युरोप सावरला, पण मशिनी थांबल्या नाहीत. मदतीची दिशा आशिया, आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडे वळली. पुढे संस्थेने शेतीविकासातही काम सुरू केले. कॉफी आणि कोको पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांबरोबर तिचे प्रकल्प आहेत. आता ती ‘कोरस इंटरनॅशनल’ या समूहाचा भाग आहे. गोधड्यांचे काम मात्र आजही चर्चच्या मंडळ्याच करतात.

माप ६० बाय ८० इंचच का?

क्विल्ट म्हणजे थोडक्यात आपली गोधडीच. वर जोडलेल्या तुकड्यांचा थर, खाली अस्तर आणि मध्ये भर. आपल्याकडे तिन्ही थर धावदोऱ्याने शिवतात. या गोधड्यांत बहुधा दर काही इंचांवर जाड धाग्याची गाठ मारतात. गाठीने काम लवकर होते आणि शिवण न येणाऱ्यालाही त्यात हात लावता येतो.

संस्थेने ठरवलेले माप ६० बाय ८० इंच, म्हणजे साधारण पाच फूट बाय पावणेसात फूट आहे. एक प्रौढ माणूस त्यात पायापर्यंत झाकला जातो. शिवून झाल्यावर १० इंची राहतील असे चौकोन घेतले, तर सहा गुणिले आठ असे ४८ तुकडे लागतात. एक जण चौकोन कापतो, दुसरा ते मांडतो, तिसरा मशीनवर बसतो, बाकीचे गाठी मारतात.

मापाचे खरे महत्त्व वाटपाच्या वेळी कळते. छावणीत रांग लागलेली असताना एकाला मोठी आणि दुसऱ्याला लहान गोधडी मिळाली, तर तिथेच भांडण उभे राहते. रंग वेगळे चालतात, आकार नाही. शिवाय एकसारख्या गोधड्या दाबून गठ्ठे बांधता येतात. गठ्ठ्यात किती नग आहेत हे मोजावे लागत नाही आणि कंटेनरमध्ये किती मावतील याचा अंदाज आधीच येतो. वसंत आणि शरद ऋतूत ठरलेल्या ठिकाणी गावोगावच्या गोधड्या गोळा होतात, स्वयंसेवक ट्रक भरतात आणि माल गोदामात जातो. पाठवणीचा खर्च भागवण्यासाठी मंडळ्यांकडून वेगळा निधीही घेतला जातो.

पाठवण्याआधी अनेक चर्चमध्ये एका रविवारी साऱ्या गोधड्या बाकांवर पसरून ठेवतात. मंडळी त्यांच्यावरच बसून प्रार्थना करतात. वर्षभराचे काम सगळ्या गावाला एकत्र दिसते ते त्याच दिवशी.

चर्चची गोधडी, मग तिच्यावर क्रूस का नाही?

धार्मिक, राष्ट्रीय किंवा लष्करी चिन्हे टाळा, अशी संस्थेची सूचना असते. क्रूस नको, अमेरिकेचा झेंडा नको, लष्करी गणवेशासारखे छापील कापडही नको. ज्याने युद्धातून पळ काढला आहे, त्याच्या अंगावर सैनिकी रंगाचे पांघरूण घालणे धोक्याचेही ठरू शकते. आणि घेणारा मुस्लिम, हिंदू, ख्रिस्ती किंवा कोणीही असू शकतो.

यामागे आंतरराष्ट्रीय संकेतही आहे. आपत्तीतील मदतीसाठी रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये आचारसंहिता तयार केली. मदत गरज पाहून द्यावी, धर्म पाहून नव्हे, आणि तिचा वापर धार्मिक किंवा राजकीय मत पुढे रेटण्यासाठी करू नये, असे ती सांगते. ही संहिता घडवणाऱ्यांत ल्युथरन वर्ल्ड फेडरेशन ही पंथाची जागतिक संघटनाही होती.

गोधडीशिवाय आणखी काय पाठवतात?

मंडळ्या ठरलेल्या यादीप्रमाणे संचही तयार करतात.

शाळेचा संच : चार वह्या, ३० सेंटीमीटरची पट्टी, पाच टोक न काढलेल्या पेन्सिली, पाच बॉलपेन, शार्पनर, खोडरबर, बोथट टोकाची कात्री आणि रंगीत खडू. हे सारे दोरीने आवळता येणाऱ्या कापडी पिशवीत.

स्वच्छतेचा संच : गडद रंगाचा टॉवेल, अंघोळीचे साबण, टूथब्रश, मजबूत कंगवा आणि नेलकटर. सगळे टॉवेलमध्ये गुंडाळून बांधायचे. म्हणजे वेष्टनही वापरात येते.

बाळाचा संच : कपडे, कापडी लंगोट, पिना, मोजे, दुपटी आणि टोपीचे जाकीट.

यादीत नाही ते घालायचे नाही. एखाद्या आजीला खेळणे किंवा चॉकलेट घालावेसे वाटणे साहजिक आहे. पण मग एका मुलाला खेळणे मिळते, शेजारच्याला नाही. प्रत्येक संच उघडून तपासायचा तर त्यातच दिवस जातात. स्वयंसेवकांना यातला सर्वांत अवघड भाग हाच असावा. द्यायची हौस बाजूला ठेवून फक्त मागितलेलेच द्यायचे.

थेट पैसेच का पाठवत नाहीत?

हा आक्षेप योग्य आहे आणि मदतकार्यातील जाणकार तो अनेक वर्षे घेत आले आहेत. आपत्तीग्रस्त भागात बाजार सुरू असेल, तर रोख मदत बहुतेक वेळा सरस ठरते. कुटुंब आपली गरज स्वतः ठरवते, वाहतुकीचा खर्च वाचतो आणि स्थानिक दुकानदाराचा धंदा चालतो. २०१६ च्या जागतिक मानवतावादी परिषदेत देणगीदार देश आणि संस्थांमध्ये झालेल्या करारातही रोख मदत वाढवण्यावर भर होता.

वस्तूंची बाजू वेगळ्या परिस्थितीत उभी राहते. भूकंपाने दुकानेच पडली असतील, रस्ते तुटले असतील किंवा हजारो लोक एका रात्रीत सीमा ओलांडून आले असतील, तर हातात पैसे असूनही पांघरूण मिळत नाही. गोधडी आपत्तीच्या आधीच शिवून गोदामात पडलेली असते. समुद्रमार्गे माल पोहोचायला आठवडे लागतात. त्यामुळे आधी साठा नसेल तर ही मदत उशिराची ठरते. गोधडीचे उपयोगही अनेक आहेत. अंथरूण, पांघरूण, तंबूतला पडदा, उन्हाची सावली, सामान बांधायचे गाठोडे. रस्त्याकडेला भाजी मांडायलाही ती चालते.

म्हणजे गोधडी रोख मदतीला पर्याय नाही. जिथे रोख रक्कम कामाची नसते, तिथे ती उपयोगी पडते. सरसकट प्रत्येक आपत्तीत पाठवली, तर ती ओझे होईल.

भारताशी काय संबंध?

ल्युथरन मिशनरी १७०६ मध्येच तमिळनाडूतील तरंगंबाडी येथे आले होते. डॉ. ॲना कुगलर १८८३ मध्ये आंध्रातील गुंटूरला आल्या आणि त्यांनी स्त्रियांसाठी उभे केलेले रुग्णालय पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेले. महाराष्ट्राच्या सीमेजवळ मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात पाढर येथील रुग्णालय ल्युथरन चर्च चालवते.

मागणीशिवाय आलेल्या मदतीचा अनुभव भारतालाही आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग आले. हवामानाला आणि स्थानिक पेहरावाला न जुळणारे कपडे वाया गेले. अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ संस्थेने ते वर्गवारी करून वापरात आणण्याचे काम केले. हीच संस्था टाकाऊ कापडापासून सुजनी, म्हणजे गोधडीवजा अंथरुणेही बनवून घेते. तिचा ल्युथरनांशी संबंध नाही, पण धडा तोच आहे. कापड तेच, ते आधी निवडून आणि मोजून घेतले तर मदत ठरते, नाहीतर कचरा.

पुढे आव्हान काय?

पहिले आव्हान वयाचे. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ल्युथरन चर्चची, ‘इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च इन अमेरिका’ची, सदस्यसंख्या १९८८ मध्ये स्थापनेच्या वेळी ५० लाखांहून अधिक होती. आता ती ३० लाखांच्या खाली आहे. शिवणाऱ्यांचे हात थकत आहेत आणि नव्या पिढीला मशीन येतेच असे नाही. २०१३ पासून हे चर्च सप्टेंबरमधील एक रविवार सेवादिन म्हणून पाळते. त्या दिवशी मंडळ्या पिवळे टी-शर्ट घालून अन्नपेढी, सफाई किंवा संच भरण्याच्या कामाला जातात. एका दिवसासाठी येणारे तरुण दर आठवड्याला येतील का, हा प्रश्न आहे.

दुसरे आव्हान पैशाचे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत मोठ्या प्रमाणावर रोखली आणि ‘यूएसएड’ ही यंत्रणा गुंडाळली. त्याच वर्षी काही ल्युथरन सेवासंस्थांना मिळणाऱ्या सरकारी निधीवर समाजमाध्यमांतून जाहीर आरोपही झाले. सरकारी पैसा आटला की लोकवर्गणीवरचा भार वाढतो. पण चर्चच्या तळघरातली गोधडी सरकारी पैशाची जागा घेऊ शकत नाही.

आपल्याकडे पुढच्या पुरात सोसायटी, मंडळ किंवा कॉलेज मदत गोळा करील, तेव्हा या पद्धतीतून चार प्रश्न घेता येतील. हे कोणी मागितले आहे? सर्वांना सारखे पुरेल का? तिथवर नेण्याचा खर्च कोण देणार? आणि हेच त्यांना जवळच्या बाजारात मिळत असेल, तर थेट पैसे का देऊ नयेत? या चारही प्रश्नांची उत्तरे हातात आल्यावरच टेम्पो भरावा.