चार्जिंगवर चालणाऱ्या फवारणी पंपातील बॅटरीचे प्रकार व कार्यकाल : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खरीप हंगाम मुख्यतः सोयाबीनवर अवलंबून आहे. किनवट, माहूर, हदगाव, भोकर या भागांत त्यास कापसाची जोड मिळते. खोडमाशी, चक्रभुंगा आणि पाने खाणाऱ्या अळ्या यांचा प्रादुर्भाव जुलै ते सप्टेंबर या काळात होतो आणि नेमक्या याच काळात पावसाची उघडीप किती तास मिळेल याची शाश्वती नसते. त्या मोजक्या तासांत फवारणी उरकावी लागते. हाताने दांडा मारावयाच्या पाठीवरील पंपाची जागा गेल्या काही वर्षांत बॅटरीवर चालणाऱ्या, ग्रामीण भाषेत 'चार्जिंग पंप' म्हटल्या जाणाऱ्या साधनाने मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने कापूस व सोयाबीन उत्पादकांकरिता महाडीबीटी संकेतस्थळावरून अशा पंपांसाठी अर्ज मागविले, यावरूनही या साधनाचा प्रसार लक्षात येतो.

पंप खरेदी करताना विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो : 'एका चार्जिंगमध्ये किती टाक्या निघतात?' सदर लेखात या प्रश्नाचे उत्तर बॅटरीच्या प्रकाराशी कसे निगडित आहे याचे विवेचन केले आहे. तत्पूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पंप बंद पडेपर्यंतचा वेळ आणि पंप पूर्ण दाबाने फवारा देतो तेवढा वेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत; पिकाच्या दृष्टीने केवळ दुसऱ्या वेळेस अर्थ आहे.

बॅटरीवरील आकड्याचा अर्थ :

बाजारात 'बारा बाय आठ' आणि 'बारा बाय बारा' असे दोन प्रकार सर्रास मिळतात. यातील पहिला आकडा व्होल्टचा व दुसरा अँपिअर-तासाचा होय. आठ अँपिअर-तासाची बॅटरी अडीच अँपिअर विद्युतप्रवाह घेणाऱ्या मोटरला तीन तास बारा मिनिटे चालवील असे साधा भागाकार सांगतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीवरील क्षमता ही बहुधा वीस तासांत सावकाश विसर्जन होईल असे गृहीत धरून दिलेली असते. म्हणजे आठचा आकडा खरा ठरण्यासाठी मोटरने केवळ ०.४ अँपिअर प्रवाह घ्यावयास हवा. प्रवाह जितका अधिक, तितकी हाती येणारी क्षमता कमी, हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. त्यातील घातांक १.२ धरल्यास वरील बॅटरी अडीच अँपिअरवर सुमारे सव्वादोन तासच चालते.

याचा शेतातील अर्थ पाहू. तोटीतून मिनिटाला १.२ लिटर द्रावण बाहेर पडते असे धरल्यास १६ लिटरची टाकी साधारण तेरा मिनिटांत रिकामी होते. सव्वादोन तासांत दहा टाक्या होतात. हेक्टरी ५०० लिटर पाण्याच्या हिशेबाने एकरी २०० लिटर, म्हणजे साडेबारा टाक्या लागतात. तात्पर्य, नवीकोरी बॅटरीदेखील एक एकर पूर्ण करीत नाही. 'बारा बाय बारा' बॅटरीचा त्याच रीतीने हिशेब केल्यास साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ येतो. क्षमता दीडपट, परंतु वेळ दीडपटीहून जास्त. कारण मोठ्या बॅटरीवर त्याच मोटरचा ताण तुलनेने हलका पडतो. मात्र बॅटरीचे वजन एक ते दीड किलोने वाढते आणि १६ किलो द्रावणासह ते पाठीवरच असते.

तीन रसायने, तीन स्वभाव :

बिनतारी उपकरणांचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९७९ मध्ये 'डस्टबस्टर' हा हातात धरावयाचा बिनतारी व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणला. त्यात निकेल-कॅडमियम बॅटरी होती. असे यंत्र संपूर्ण बॅटरी काही मिनिटांतच रिकामी करते आणि एवढ्या वेगवान विसर्जनात शिसे-आम्ल बॅटरी अगदीच निष्प्रभ ठरते. पुढे त्या उपकरणांत निकेल-मेटल हायड्राइड व नंतर लिथियम-आयन बॅटरी आली. फवारणी पंपाची मागणी त्यामानाने संथ, दोन-तीन तासांची. म्हणून १८५९ मध्ये गास्तों प्लान्ते यांनी शोधलेले शिसे-आम्ल रसायन स्वस्ताईच्या बळावर येथे टिकून राहिले.

निकेल-कॅडमियमने मात्र एक समज मागे ठेवला : 'बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.' त्या बॅटरीपुरता या सल्ल्यास काही आधार होता. शिसे-आम्ल बॅटरीस तो सरळ घातक आहे. दर वेळी पूर्ण रिकामी केल्यास ही बॅटरी साधारणतः दोनशे-अडीचशे आवर्तने टिकते. निम्मीच वापरून पुन्हा भरल्यास तो आकडा जवळपास दुप्पट होतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तासभर वीज मिळाली तरी बॅटरी चार्जिंगला लावणे हेच येथे योग्य.

लिथियम बॅटरीत पुन्हा पोटभेद आहेत. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारात ३.२ व्होल्टचे चार सेल जोडून १२.८ व्होल्ट मिळतात. अन्य प्रकारांत ३.६ ते ३.७ व्होल्टचे तीन सेल असतात. दोहोंचे चार्जर वेगळे. तीन सेलच्या बॅटरीस १२.६ व्होल्टपर्यंतच भरावयाचे असते. तिला शिसे-आम्ल बॅटरीचा सुमारे १४.४ व्होल्ट देणारा जुना चार्जर जोडणे धोक्याचे आहे. बॅटरी बदलली, चार्जर तोच, हा प्रकार टाळलाच पाहिजे.

आठ अँपिअर-तासाची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी अडीच अँपिअरवर जवळजवळ पूर्ण क्षमता देते, म्हणजे सुमारे तीन तास. वजन शिसे-आम्लच्या निम्म्याच्या आसपास. पण खरा फरक तासांचा नाही. शिसे-आम्ल बॅटरीचा दाब वापरागणिक सावकाश घसरतो. मोटर मंदावते, थेंब जाड होतात, मिनिटाला पडणारे द्रावण घटते. फवारणाऱ्याची चाल मात्र तीच राहते. परिणामी शेवटच्या टाक्यांच्या ओळींना औषधाची मात्रा कमी मिळते, आणि पंप सुरूच असल्याने ते लक्षातही येत नाही. आठ दिवसांनी त्याच कडेच्या ओळींत अळी दिसली की दोष औषधाला दिला जातो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी शेवटपर्यंत जवळपास सारखा दाब देते व नंतर तिचे संरक्षक सर्किट एकाएकी पुरवठा तोडते. हे अचानक बंद पडणे शेतकऱ्यास दोष वाटतो. वस्तुतः तो गुण होय.

दाब नियंत्रित करणारी कळ सतत पूर्ण उघडी ठेवण्याची सवयही तपासावयास हवी. दाब कमी केल्यास प्रवाह कमी लागतो व कार्यकाल वाढतो. शिवाय बारीक तुषार अंगावर उडण्याचे प्रमाण घटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा जादा दाबाच्या पंपांचा प्रश्नही चर्चेत आला होता.

आखाड्यावरील सात महिने :

बॅटरी वापराने जितकी खराब होते, त्याहून अधिक न वापरल्याने होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर अनेक ठिकाणी पंप आखाड्यावर पत्र्याखाली पडून राहतो. उतरलेल्या स्थितीत राहिलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ते पुढे चार्जिंगने विरघळत नाहीत. मे महिन्यात या जिल्ह्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, पत्र्याखाली त्याहूनही वर. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते व स्वयंविसर्जनाचा वेग दुप्पट. 'बॅटरी एकच हंगाम टिकली' ही तक्रार पुष्कळदा या सात महिन्यांची असते. ती पंपातून काढून, पूर्ण भरून, घरात थंड जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियमचा नियम उलटा आहे : साठवणीत ती पूर्ण भरलेली नसावी, निम्मी पुरे.

हंगामापूर्वी तपासणी सोपी आहे. पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी काही तास विसाव्यानंतर १२.७ व्होल्टच्या आसपास असावी. नंतर टाकीत साधे पाणी भरून पंप चालू ठेवावा व दर टाकीस लागणारा वेळ घड्याळावर टिपावा. ज्या टाकीस पहिल्या टाकीपेक्षा ठळकपणे अधिक वेळ लागू लागतो, तेथेच त्या बॅटरीचा उपयुक्त कार्यकाल संपतो, मग पंप पुढे आणखी चार टाक्या का काढीना. मोटर चालू असताना व्होल्टमापक १०.५ च्या खाली गेल्यास पंप थांबवावा.

निकामी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीकाठी टाकणे गैर आहे. तिच्यातील शिसे व आम्ल दोन्ही विषारी. शिसे-आम्ल बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर टाकली होती. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकाची जबाबदारी सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांपर्यंत वाढविली. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीची किंमत नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करून देण्याची पद्धत बाजारात रूढ आहे. लिथियम बॅटरीस असा भाव सहसा मिळत नाही, हेही खरेदीच्या वेळी हिशेबात धरावे.