गेरूचा एक ठिपका

अंबाजोगाईला मराठीचे आद्यकवी मानले जाणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आहे, त्यामुळे तिथे गेलं की जुन्या पोथ्या आठवतातच. मजकूर काजळाच्या काळ्या शाईत. दंड किंवा अध्यायाचा शेवट तेवढा गेरू-हिंगुळाने लाल. नजर नेमकी तिथे थांबते.

सारख्या गोष्टींत एखादी वेगळी असली तर तीच लक्षात राहते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. दहा वेगळ्या केल्या की वेगळं काही उरतच नाही.

बीडचा शेतकरी मोबाइलवर पीकविम्याची माहिती उघडतो, तेव्हा त्याला हवी असते शेवटची तारीख. पानभर ठळक, लाल, सरकती अक्षरं असली की तीच हरवते. सरकता मजकूर डोळे जाहिरात समजून टाळतात. अधोरेखित शब्द लिंक वाटतो, बोट उगाच तिथे दाबत राहतं. शिवाय देवनागरीला ती रेघ फार जड जाते: ‘मुदत’मधला उकार तिच्यात अडकतो. लहान आकारात ठळक केलेला ‘क्ष’ बुजून जातो. तारखेभोवती थोडी मोकळी जागा सोडली, तर लाल रंगाचीही गरज पडत नाही.