दुसऱ्या हाताचे काम

सेरेब्रल पाल्सीत अपरिपक्व मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही. परंतु ज्या देहावर तिचा अंमल चालतो तो देह मात्र वाढत राहतो. हाडे झपाट्याने लांबतात, ताठरलेले स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत, वजनही वाढते, आणि लहानपणी महत्प्रयासाने साधलेली चाल पौगंडावस्थेत पुन्हा बिघडू लागली म्हणजे आईबापांना आपलेच काही चुकले असे वाटू लागते. त्यांचे काही चुकलेले नसते.

मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयातील व्यवसायोपचार विभागात सेरेब्रल पाल्सी असलेला नववीतला एक मुलगा उपचाराला येतो. मुलाचे उजवे अंग बाधित. मनगट आत वळलेले, अंगठा तळव्यात मिटलेला. काय शिकायचे, असे उपचार करणाऱ्या बाईंनी विचारले तेव्हा तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "भूमितीची आकृती. पट्टी सरकते."

मी पाहत बसलो. बाईंनी हाताला स्पर्शही न करता प्रथम खुर्ची बदलली, लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट दिला आणि टेबल कोपराच्या उंचीला आणले. कारण धड डळमळत असेल तर ते सावरण्यातच हाताची सारी शक्ती खर्ची पडते. मग पट्टीच्या खाली रबराची चिंधी चिकटवली आणि वर लाकडाची एक गुंडी बसवली. डाव्या हाताने पेन्सिल जोराने दाबली की उजवी मूठ आपोआप अधिकच आवळली जाई व पट्टी तिरपी होई. हे ध्यानात आल्यावर बाईंनी त्याला रेघ हलक्या हाताने आणि सावकाश ओढायला सांगितले. आईला हे पाहवेना. "मी धरते ना पट्टी!" असे म्हणून ती पुढे सरसावली. "थांबा ताई, त्यालाच करू द्या," बाई म्हणाल्या. रेघ सरळ आली, पण तिला लागलेल्या वेळात वर्गातल्या इतर मुलांची अख्खी आकृती पुरी झाली असती.

उजवा हात कधीकाळी डाव्यासारखा होईल, अशी आशा तेथे कोणी दाखवीत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली हस्तकौशल्याची पाच श्रेणींची वर्गवारीही अधिक चांगला हात कोणता हे न पाहता, रोजच्या वस्तू हाताळताना दोन्ही हात मिळून काय साधतात एवढेच पाहते. धरून ठेवणे हेही काम आहे, आणि माझ्या मते या वयात तेच अधिक मोलाचे. परंतु त्याला वेळ लागतो, आणि आमच्या शाळांत नेमका वेळच सर्वांत कृपणपणे दिला जातो.

वास्तविक, लक्षणीय अपंगत्व असलेला विद्यार्थी लेखनिक न घेता स्वहस्ते लिहीत असेल, तर त्याला तीन तासांच्या परीक्षेस किमान एक तास वाढवून देता येतो, अशी तरतूद केंद्र सरकारने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत केली होती. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की ही सवलत दहावीच्या परीक्षेपर्यंत राखून ठेवू नये. अपंगत्वाचा दाखला दफ्तरी येताच ती नववीच्या घटक चाचणीपासून लागू करावी, आणि त्यासाठी पालकांना अर्ज घेऊन खेपा घालायला लावू नयेत.