गाडी कुठली, हे बिल्ल्यावरून कळत नाही

विजेची गाडी घेताना आपला पैसा युरोपातल्या कामगारांच्या हाती पडावा असं वाटत असेल, तर बोनेटवरच्या बिल्ल्यावर विसंबू नका. डाचिया रोमानियाची, पण तिची 2021 मध्ये आलेली ‘स्प्रिंग’ चीनमध्ये जुळवलेली. टेस्ला अमेरिकेची, पण ‘मॉडेल वाय’ बर्लिनजवळ ग्र्युनहाइडेलाही बनते. रेनोची विजेवरची ‘5’ उत्तर फ्रान्समध्ये दुएला जुळते. तिची मोटरही फ्रान्समधल्याच क्लेओंच्या कारखान्यातली.

सगळ्यात महागडा भाग मात्र बॅटरी. म्हणून तिचे सेल कुठे बनले, हे विक्रेत्याला आवर्जून विचारा.

फ्रान्सने 2024 पासून अनुदान देताना गाडी बनवताना आणि आणताना होणारं कार्बन उत्सर्जनही मोजायला सुरुवात केली. चीनमध्ये बनलेल्या अनेक गाड्या त्यात बाद झाल्या. जवळच्या कारखान्याला बळ देणारी निवड हवामानाच्याही हिताची ठरू शकते.