दिवाणखान्यात घडलेला सोनाटा

पंढरपुरात भजन-कीर्तनाच्या जोडीला बैठकीची लावणीही नांदली. रुक्मिणीमातेच्या परंपरागत पुजाऱ्यांपैकी, म्हणजे उत्पातांपैकी ज्ञानोबा उत्पात यांनी ती जपली. सत्यभामाबाई पंढरपूरकरांनी ती गाजवली. श्रोते मोजके आणि हाताच्या अंतरावर, म्हणून एकच ओळ नाना तऱ्हांनी खुलवता येते. ऐकणारा जवळ आला की संगीताचा घाटच बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हायोलिन-पियानोच्या सोनाटाचं, म्हणजे या दोन वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचनेचं, नेमकं हेच झालं.

तिथे तोवर थाट होता ऑपेराचा. १८७१ मध्ये, जर्मनांकडून झालेल्या पराभवाच्या काळात, संगीतकार सेंट-सांस आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच संगीतकारांच्या नव्या रचनांसाठी ‘सोसिएते नास्योनाल’ ही संस्था काढली. अशा संगीताला दुसरा आधार होता घरगुती मैफलींचा. गायिका पोलीन व्हियार्दो यांच्या दिवाणखान्यात तुर्गेनेव्ह, फ्लॉबेर असे लेखक जमत. तिथेच वावरणाऱ्या तरुण गाब्रिएल फोरे यांनी आपला पहिला सोनाटा पोलीनबाईंच्या मुलाला, पॉलला अर्पण केला. जानेवारी १८७७ मध्ये संस्थेच्या मैफलीत त्यातला एक भाग श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला.

संगीतकार सेझार फ्रांक यांनी १८८६ मध्ये व्हायोलिनवादक युजेन इझाई यांना लग्नाची भेट म्हणून सोनाटाच दिला. त्याच्या चौथ्या भागात पियानो चाल सुरू करतो आणि तीच चाल व्हायोलिन किंचित मागून धरतं. विणेकऱ्याचा चरण टाळकऱ्यांनी उचलावा तसं. मात्र इथे पुढचा थांबत नाही, त्यामुळे दोन्ही स्वर एकमेकांत गुंफत जातात. मुख्य वाद्य कोणतं आणि साथीचं कोणतं, हा भेदच उरत नाही. त्याच डिसेंबरात ब्रुसेल्सच्या चित्रसंग्रहालयात तो वाजत असताना अंधारलं. तिथे दिवे लावायला मनाई होती, तेव्हा इझाई आणि पियानोवादक लेओंतीन बोर्द-पेन यांनी उरलेले भाग स्मरणातून वाजवले.

अशा घरगुती मैफलींचा चाहता होता फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त. १९१३ च्या कादंबरीत त्याने व्हँतय नावाचा काल्पनिक संगीतकार रंगवला. त्याच्या सोनाटातली छोटीशी सुरावट कादंबरीतल्या एका पात्राच्या प्रेमाची खूण बनते. तिचं एक मूळ सेंट-सांस यांच्या १८८५ च्या सोनाटात असल्याचं प्रूस्तनेच सांगितलं आहे.

मोठ्या सभागृहांनी श्रोते वाढवले, पण असं संगीत घडवलं ते छोट्या खोल्यांनी आणि जाणत्या कानांनी. फ्रांकचा सोनाटा जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. चार मित्र घरी बोलवा, फोन बाजूला ठेवा आणि तो अखंड ऐका. पुढच्या वेळी त्याच खोलीत एखाद्या लावणी गायिकेला मानाने बोलवा.